हाताची घडी, तोंडावर बोट

सव्वीस वर्षे मी मुलांना शिकवते आहे. एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून सर्वांत जास्त वेळा कोणते वाक्य बाहेर पडले असेल, याचा हिशेब जर कुणी मांडला, तर ते पाढ्यांतले निघणार नाही, कवितेतले निघणार नाही, की फळ्यावरच्या सुविचारातलेही निघणार नाही. ते वाक्य आहे, "हाताची घडी, तोंडावर बोट." आमच्या शाळेच्या भिंतींना कान असते, तर त्यांनीही आतापर्यंत हात बांधून घेतले असते.

आधी माझी थोडी ओळख देते. मी मॅट्रिक आहे. आता तिला दहावी म्हणतात. पण आमच्या घरात आजोबांपासून मॅट्रिक हाच शब्द चालत आला, आणि त्यात थोडा भारदस्तपणा आहे म्हणून मीही तोच वापरते. आमची शाळा तालुक्याच्या गावातली, पुणे-बंगलोर रस्त्यापासून मैलभर आत. संस्थेला अनुदान नव्हते, पगार बेताचा होता, म्हणून मॅट्रिकवाली बाई तिला परवडली. मलाही शाळा परवडली, कारण दुपारी घरी आल्यावर लिहायला वेळ मिळे. तीन कादंबऱ्या त्या वेळात झाल्या. त्यांत मुले आहेत, आणि ती मुले फार सुंदर प्रश्न विचारतात, असे एकदोघा टीकाकारांनी लिहिलेही आहे. या कौतुकाची गोष्ट पुढे येणारच आहे.

माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याची मुलगी तिथल्या एका आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या शाळेत पाचवीत होती. त्या शाळेची फी जेव्हा मला प्रथम कळली, तेव्हा मी भावाला म्हणाले होते, "अरे, एवढ्यात आमच्या शाळेतल्या तीन बायकांचा वर्षाचा पगार निघेल." तो हसला. पण भावजयीला ते लागले असावे, कारण पुढे कितीतरी दिवस त्या शाळेचा विषय माझ्यासमोर निघाला की ती स्वयंपाकघरात जाई.

गेल्या मार्चमध्ये भावाचा फोन आला. "ताई, पोरीच्या शाळेत प्रदर्शन आहे. प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी मुलं मांडतात. तू ये. तिनं आत्यालाच बोलवायचं म्हणून हट्ट धरलाय."

मी गेले. खरे सांगायचे, तर नावे ठेवायलाच गेले. मला वाटले होते, थर्माकोलचे ज्वालामुखी असतील, आईबापांनी रात्र जागून केलेले तक्ते असतील आणि मुले पोपटासारखी इंग्रजी बोलत असतील. इंग्रजी ती बोलत होतीच. पण तक्ते वेडेवाकडे होते, अक्षरे मुलांची होती, आणि खाडाखोडही तशीच ठेवलेली होती. चार-पाच मुलांचा एक गट, अशा प्रत्येक गटाने एकेक प्रश्न घेतला होता आणि कित्येक आठवडे त्याच्या मागे लागून जे हाती आले ते मांडले होते. माझ्या भाचीच्या गटाचा प्रश्न होता, चॉकलेट कुठून येते? भिंतीवर जगाचा मोठा नकाशा, त्यावर लोकरीचे धागे. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या देशांत जगातला सर्वांत जास्त कोको पिकतो, तिथून धागे निघून युरोपात गेले होते, आणि युरोपातून पुण्यात आले होते. कोकोच्या मळ्यांतून काम करणाऱ्या मुलांविषयी एक तक्ता होता. त्याच्याखाली भाचीच्या अक्षरात लिहिले होते, "मग आम्ही चॉकलेट खायचे की नाही? आमच्या गटात यावर भांडण झाले. अजून मिटलेले नाही."

न मिटलेले भांडण भिंतीवर लावायची परवानगी देणारी शाळा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पाहुण्यांना चहा देणाऱ्या एक मावशी तिथे होत्या. ट्रे हातात धरून त्या नकाशासमोर जरा थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "यात बीड कुठं असंल?" मी मनात म्हटले, आता पाहू, आयव्हरी कोस्ट पाठ असलेल्यांना बीड सापडते का. भाचीच्या गटातला एक मुलगा पुढे झाला. त्यालाही पटकन सापडेना. त्याने भाचीला विचारले, भाचीने बाईंना विचारले, बाईंनी दुसरा, महाराष्ट्राचा नकाशा आणून दिला, आणि शेवटी त्या मुलाने बीडवर बोट ठेवून मावशींना विचारले, "तिथून इथे यायला तुम्हाला किती तास लागले?" मावशी चहा विसरून सांगत बसल्या. मी मात्र नावे ठेवायचे विसरून गेले.

निघताना भाची माझ्या हाताला धरून म्हणाली, "आत्या, तुझ्या वर्गातली मुलं कोणते प्रश्न विचारतात?"

"पुष्कळ विचारतात."

"एक तरी सांग ना."

मी आठवू लागले. "बाई, बाहेर जाऊ?" हा एक प्रश्न आठवला. "बाई, समास सोडायचा का?" हा दुसरा. "बाई, हे परीक्षेला आहे?" हा तिसरा. चौथा काही केल्या आठवेना. पोर माझ्या तोंडाकडे पाहत होती. तेव्हा मी म्हणाले, "एका मुलानं विचारलं होतं, नदी रात्री झोपते कुठे?"

"किती छान!" ती म्हणाली, आणि तिने तो प्रश्न आपल्या वहीत उतरून घेतला.

तो प्रश्न माझ्या दुसऱ्या कादंबरीतला होता. कुठल्याही मुलाने तो मला कधी विचारलेला नव्हता.

स्वारगेटहून परतीच्या एस.टी.त बसले, तेव्हा जीव थाऱ्यावर नव्हता. खोटे बोलल्याचे दुःख होतेच. पण त्याहून मोठे दुःख हे, की सव्वीस वर्षांत खरा असा एकही प्रश्न मला आठवू नये. गाडी खंबाटकीचा घाट चढू लागली, आणि मग एक आठवला. तो नको असलेलाच आठवला.

नोकरीचे पहिले की दुसरे वर्ष होते. तपासणीला साहेब आले होते आणि माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. तिसरीचा वर्ग, धडा अन्नधान्याचा. ज्वारी कुठे पिकते, भात कुठे पिकतो, मुले घडाघडा सांगत होती. इतक्यात एक मुलगा उभा राहिला. त्याचे खरे नाव देत नाही, आपण त्याला बंडू म्हणू. बंडू म्हणाला, "बाई, साबुदाण्याचं झाड केवढं असतं?"

वर्ग हसला. मला उत्तर माहीत नव्हते. साबुदाणा मी जन्मापासून खात आले होते. पण तो डब्यातून वाटीत येतो, यापलीकडे त्याचे कूळ-मूळ मला ठाऊक नव्हते. साहेबांच्या देखत 'मला माहीत नाही' म्हणायची माझी छाती नव्हती. मी आवाज चढवून म्हणाले, "पुस्तकात आहे का ते? फार चोंबडेपणा सुचतो! बस खाली. हाताची घडी, तोंडावर बोट."

बंडू बसला. त्याने तोंडावर बोट ठेवले. तास संपला, साहेब गेले, मुले पाणी प्यायला धावली, तरी तो बोट तसेच ठेवून बसला होता. काढायला मी सांगायची विसरले होते. साहेबांनी वहीत शेरा लिहिला, "वर्गाची शिस्त उत्तम." तो शेरा मी घरी आईला दाखवला होता.

बंडूने त्यानंतर मला काही विचारल्याचे आठवत नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली आणि तो मालट्रकवर क्लीनर म्हणून गेला. आता त्याची स्वतःची गाडी आहे, आणि त्याची मुलगी माझ्या वर्गात, त्याच तिसरीत आहे.

भावाने माझ्या पिशवीत वाचायला काही कागद घालून दिले होते. ते मी सुटीत वाचले. हे सारे खूळ अलीकडचे, पैसेवाल्यांनी काढलेले, अशी माझी समजूत होती. ती पुरती खरी नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हा शहरात राष्ट्रसंघ आला, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आली, आणि देशोदेशींचे अधिकारी बायकामुलांसह तिथे राहायला आले. या मुलांना कुठल्या देशाचा इतिहास शिकवायचा, कुणाच्या लढाया जिंकल्या म्हणून सांगायच्या, हा प्रश्नच होता. म्हणून १९२४ साली मूठभर मुलांवर तिथे आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. मूल हाताने करून आणि स्वतः शोधून शिकते, असे मानणारे आदोल्फ फेरिएर नावाचे शिक्षणतज्ज्ञ तिच्या पाठीशी होते. पुढे दुसरे महायुद्ध झाले, १९४६ साली राष्ट्रसंघ गुंडाळला गेला. मोठ्यांचा संघ मोडला, मुलांची शाळा टिकली. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका मारी-तेरेझ मोरेत यांनी १९४८ साली युनेस्कोसाठी एक पुस्तिका लिहिली. शांतता शिकवण्याची काही पद्धत आहे काय, असा तिचा विषय. दोन महायुद्धे पाहिलेल्या बाईने तो प्रश्न विचारावा, यातच सारे आले. त्याच जिनिव्हात १९६८ साली मोठ्या मुलांच्या परीक्षेसाठी इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था स्थापन झाली, आणि १९९७ साली तिने लहान मुलांसाठी प्राथमिक वर्षांचा कार्यक्रम सुरू केला. माझी भाची शिकत होती तो हाच.

त्यात सहा सूत्रे आहेत. आपण कोण आहोत. कुठल्या जागी आणि कुठल्या काळात आहोत. मनातले बाहेर कसे आणतो. जग चालते कसे. आपण आपापली व्यवस्था कशी लावतो. आणि ही एक पृथ्वी सर्वांनी वाटून कशी घ्यायची. एखादे सूत्र धरायचे, त्यात मुलाला पडलेला प्रश्न घ्यायचा, आणि मग त्याच्या ओढीने भाषा, गणित, भूगोल येईल तो येऊ द्यायचा. मला आमच्या गावच्या कीर्तनकारबुवांची आठवण झाली. बुवा एकच अभंग धरतात, आणि त्याच्या आधाराने पुराण येते, व्यवहार येतो, मध्येच सोसायटीच्या निवडणुकीचा चिमटाही येतो. तास संपला म्हणून विषय तोडायचा, हे त्यांच्या गावीही नसते.

आणि मग वाटले, आपल्याकडे तरी हे कुठे नवे आहे? ज्या १९२४ साली जिनिव्हाची शाळा निघाली, त्याच साली साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक रोज स्वतःच्या हाताने लिहीत. पुढे एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, एकमेकांची घरे पाहावीत, या ध्यासाने त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. जग जोडायचे तर आधी शेजार जोडा, असा त्याचा मी अर्थ घेते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम उभे केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. मूल गुरे राखायला जाते, तर शाळेनेच कुरणात जायचे, म्हणून कुरणशाळा. पाने, बिया, शिंपले, खडे हे त्यांचे साहित्य. तिथे फीचा प्रश्नच नव्हता. तेव्हा नाव ठेवायला जागा उरली नव्हती, आणि सबब सांगायलाही.

जूनमध्ये शाळा उघडली. माझ्या वर्गात ४३ मुले. आषाढी एकादशी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर एक मोठे ताट काढले आणि म्हणाले, "काल तुम्ही उपासाला काय काय खाल्लं ते सांगा." उपास मुलांना आवडतो तो खाण्यासाठीच. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, भगर, रताळी, मिरचीचा ठेचा. ताट भरून वाहू लागले. मग मी म्हणाले, "आता या ताटाबद्दल प्रत्येकानं मला काहीतरी विचारायचं."

वर्ग गप्प. कुणी हात वर करेना. शेवटी पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा म्हणाला, "बाई, कोणता प्रश्न विचारायचा ते सांगा, म्हणजे आम्ही विचारतो."

हे मी त्यांना शिकवले होते. सव्वीस वर्षे मन लावून शिकवले होते.

मी वाट पाहिली. एवढ्या शांततेत उभे राहायची मला सवय नाही; तोंडावर बोट असल्याशिवाय वर्ग गप्प बसला, की माझा जीव घाबरतो. बऱ्याच वेळाने मागून एक बारीक आवाज आला. "बाई, साबुदाणा झाडाला लागतो का?"

बंडूची मुलगी उभी होती. बापाने तिला काही सांगून पाठवले नव्हते. मी पुढे विचारून घेतले. तो प्रश्न तिचा तिलाच पडला होता.

खिशातल्या मोबाइलवर दोन मिनिटांत उत्तर सापडले असते, हे मला कळते. घाटातच तसे मनात आले होते. पण मी मुद्दामच पाहिले नव्हते. या प्रश्नाचे उत्तर घेऊन मी वर्गात गेले असते, तर जे वाक्य मला एकदा तरी खरेपणाने म्हणायचे होते, ते खोटे झाले असते. मी म्हणाले, "मला माहीत नाही."

४३ डोकी वर झाली. एकाने विचारले, "बाई, तुम्हालापण माहीत नसतं?" आणि मग काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही, पण वर्गात जणू कुणी खिडकी उघडली. सगळी एकदम बोलू लागली. बंडूची मुलगी बाकावर चढून ओरडली, "बाई, माझ्या पप्पांना माहीत आहे! ते साबुदाणा आणायला जातात!"

पुढच्या आठवड्यात बंडू वर्गात आला. इकडून कांदा भरून तो तमिळनाडूत जातो, आणि येताना पुष्कळदा सेलमहून साबुदाणा आणतो. देशातल्या साबुदाण्याचे ते मोठे ठिकाण. येताना त्याने पोत्यात गुंडाळून चार-पाच कंद आणले होते; रताळ्यासारखे, पण लांब, वर काळपट जाड साल. माझ्या खुर्चीवर बसायला तो तयार होईना. फळ्याला पाठ लावून उभा राहिला, आणि खालच्या मानेने बोलू लागला. हळूहळू मान वर आली.

"हे कंद ट्रकनं येतात. बायका बसून सोलतात. मग धुवायचे, यंत्रात घालून चेचायचे. दुधासारखं पांढरं पाणी निघतं. ते गाळून हौदात सोडायचं, की तळाला सत्त्व बसतं. त्याचा ओला रवा हलवून हलवून गोळ्या करायच्या, तापल्या पत्र्यावर भाजायच्या, आन् उन्हात वाळवायच्या. शिमिटाच्या अंगणात नुसता पांढरा साबुदाणा पसरलेला असतो बगा. पर त्या हौदाच्या पाण्याचा वास! पहिल्या दिवशी मला भाकरी गोड लागली नव्हती."

मग प्रश्नांची झड लागली. तिकडे कुठली भाषा बोलतात? तुम्हाला येते का? बंडूने बोटांवर मोजून दाखवले, "ओन्नु, रेंडु, मूणु, नालु, अंजु," आणि ४३ मुले तमिळमध्ये पाचापर्यंत मोजू लागली. ते लोक साबुदाण्याला काय म्हणतात? "जव्वरिशी. त्याची खीर करतात." त्यांनापण एकादशी असते? केरळात हा कंद उकडून माशांबरोबर खातात म्हणताच एक मुलगी "शी!" म्हणाली, आणि शेजारचा कोळ्यांचा मुलगा म्हणाला, "शी काय? चांगलं लागत असंल."

पुढचे आम्ही मिळून शोधले. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगिजांच्या जहाजांतून तो मलबारच्या किनाऱ्याला आला. बटाटा तिकडचाच, शेंगदाणा तिकडचाच, रताळे तिकडचे, मिरचीही तिकडचीच. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, तेव्हा यांतले एकही आपल्याकडे नव्हते. पेरू, पपई, अननस, काजू, सारी त्याच वाटेने आलेली मंडळी. मुले थक्क झाली. "म्हणजे ज्ञानेश्वरांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली नव्हती?" नव्हती. "मिरची नव्हती, तर ठेचा कशाचा करायचे?" मिऱ्याचा तिखटपणा होता, आल्याचा होता; ठेच्याचे मात्र मला सांगता येईना. "मग एकादशीला काय खायचे?" हा प्रश्न घरी आज्यांकडे गेला, आणि दुसऱ्या दिवशी भगर, शिंगाडा, दूध, केळी अशी उत्तरे घेऊन परत आला. ताटातला तो एवढासा कोपरा आपला जुना.

आणि बंडूच्या प्रश्नाचे काय? तेही सापडले. साबुदाणा म्हणून जो पहिल्यांदा आपल्याकडे आला, तो या कंदाचा नव्हताच. तो मलाया आणि इंडोनेशियाच्या बेटांवरच्या सागू नावाच्या ताडाचा. माडासारखे उंच, तीस-चाळीस फुटांचे झाड; त्याला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो, आणि तो येण्याच्या ऐन आधी झाड तोडून त्याच्या खोडातला गाभा काढतात, कारण त्या वेळी खोडात सत्त्व भरलेले असते. दुसऱ्या महायुद्धात तिकडचा माल थांबला, आणि १९४३च्या सुमारास सेलमकडे कंदापासून तसाच दाणा करू लागले. म्हणजे साबुदाण्याचे झाड होते. ते केवढे असते, हेही सांगता येण्यासारखे होते. माझ्या वर्गाला हसू आले होते तो प्रश्न बरोबर होता.

या खटाटोपात सगळे गोडच झाले असे नाही. श्रावणातल्या एका सोमवारी एका मुलाने घरी जाहीर केले, की साबुदाणा परदेशी आहे, तो उपासाला चालत नाही, सबब मला भजी द्या. दुसऱ्या दिवशी त्याची आजी काठी टेकीत शाळेत आली. मी घाबरून सगळा इतिहास सांगू लागले. आजीने तो शांतपणे ऐकून घेतला आणि मग मुलाकडे वळून म्हणाली, "अरे, ते ब्राझील का काय म्हणतात, ते काय पांडुरंगाच्या राज्याच्या बाहेर आहे? खा मुकाट्यानं खिचडी."

जिनिव्हाच्या लोकांना जे सांगायला पुस्तिका लिहाव्या लागल्या, ते आजीने एका वाक्यात सांगितले. 'मुकाट्यानं' हा शब्द तेवढा मला खटकला. पण तिच्यासमोर काही बोलायची माझीही हिंमत झाली नाही.

चाचणी परीक्षा आली, तेव्हा माझ्या वर्गाचे दोन धडे मागे पडले होते. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतले. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "बाई, पालक मार्क बघतात." ते खरेच आहे. मी सकाळी एक तास आधी येऊन ते धडे भरून काढले. भाचीच्या वर्गात पंचवीस मुले, मदतीला दुसऱ्या बाई आणि भिंतभर पुस्तके. माझ्याकडे ४३ मुले आणि एक कपाट, त्याची किल्ली संस्थेच्या कार्यालयात. जे त्यांना रोज करता येते, ते मला महिन्यातून एकदोनदा जमते. त्यातही १२-१३ मुले बोलतात, बाकीची अजून माझ्या तोंडाकडे पाहतात. सव्वीस वर्षांत चढवलेले कुलूप चार महिन्यांत सगळे कसे उघडेल?

बंडू वर्गात आला त्या दिवशी, मुले गेल्यावर, मी त्याला चहा दिला. आणि धीर करून म्हणाले, "तू तिसरीत असताना मला हाच प्रश्न विचारला होतास."

"आठवतंय की, बाई."

"मी तुला बोलले होते."

"तपासणी होती त्या दिवशी," तो म्हणाला, जणू माझीच बाजू सावरून घेत. मग हसला. "मला वाटलं, असलं विचारायचं नसतं. पर सेलमला पहिल्यांदा गाडी लागली, तवा म्हटलं, बघूच. माल भरस्तोवर कारखान्यात शिरलो आन् हौदापासनं वाळवणापर्यंत समदं बघून आलो."

"मग तिथं कुणाला विचारलंस का, झाड असतं की काय ते?"

"नाही. विचारलं नाही कुणाला. नुसतं बघून आलो."

त्याने कप खाली ठेवला. इतक्या वर्षांनी, हजार किलोमीटरवरच्या परक्या गावात, एवढा मोठा बाप्या तोंडावर बोट ठेवून एका हौदाकडून दुसऱ्या हौदाकडे गेला होता. ते बोट काढायला मी विसरले होते.

"बंडू, माझं चुकलं," मी म्हणाले. तो फार अवघडला. "असू द्या, बाई," म्हणून उठला, आणि दारातून वळून म्हणाला, "पोरगी घरी लई डोकं खाती. तिला गप बसवू नका म्हंजे झालं."

गेल्या महिन्यात मी भाचीला पत्र लिहिले. तुझ्या वहीतला नदीचा प्रश्न खोडून टाक, तो मुलांचा नव्हता, माझ्या कादंबरीतला होता, असे आधी कबूल केले. मग लिहिले, माझ्या वर्गातली मुले खरोखर विचारतात ते प्रश्न हे.

ब्राझीलमध्ये एकादशी असते का?

मिरची नव्हती, तेव्हा ठेचा कशाचा करायचे?

सेलमच्या मुलांना आपले गाव माहीत आहे का?

कंद सोलणाऱ्या बायकांना दिवसाला किती पैसे मिळतात?

बाई, तुम्हाला माहीत नसते, हे तुम्ही आधी का नाही सांगितले?

तिचे उत्तर आले. तिने लिहिले आहे, "आत्या, पहिल्या चारांचं आपण मिळून शोधू. बायकांच्या पगाराचं मीपण विचारणार आहे, कारण आमच्या चॉकलेटच्या भांडणात तेच राहून गेलं होतं. पाचव्याचं उत्तर मात्र तुलाच द्यावं लागेल."

ती दिवाळीला इकडे येते आहे. फराळाची ताटे समोर ठेवून बसलो, म्हणजे सांगेन तिला. बंडूच्या मुलीलाही बोलावले आहे. तो प्रश्न तिचाच आहे.